सहा मैत्रिणी, एक स्वयंपाकघर आणि पालेर्मोची मंडई

पालेर्मोच्या बाल्लारो मंडईत तिसऱ्या सकाळी भाजीवाल्याने आमच्या पिशवीत न मागता पार्सलीची जुडी आणि सेलरीचा दांडा टाकला. पैसे पुढे केले तर मानेनेच नको म्हणाला. आपल्याकडे भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात, तशीच ही तिथली रीत. या वरच्या पाल्याला ‘ओदोरी’ म्हणतात. पहिल्या दोन दिवसांत मात्र आम्हाला ओदोरी मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी चेहरा ओळखीचा झाला तेव्हा मिळाली.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. मैत्रिणींबरोबर, मित्रांबरोबर दक्षिण युरोपात खाण्यासाठी जायचं असेल तर दहा दिवसांत सात शहरं करू नका. एक शहर निवडा, मंडईजवळ स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि निदान सहा रात्री तिथेच राहा. आम्ही इटलीच्या सिसिली बेटाची राजधानी पालेर्मो निवडली. तिथे बाल्लारो, कापो आणि वुच्चिरिया या तीन जुन्या मंडया एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पुढची सगळी माहिती त्या शहराची आहे.

माणसं आणि पैसा

सहा ही संख्या मला योग्य वाटते. एका मोठ्या टेबलाभोवती सहाजणी बसतात आणि एक किलो वांगी एका वेळेला संपतात. आठ जणींना घर मिळणं अवघड होतं, आणि चौघी असलो की चाखायला पदार्थ कमी येतात.

पैशाचं ठरवून ठेवा, कारण मैत्रीत तिढा पडतो तो इथेच. आम्ही अडीच वर्षं दर महिन्याला प्रत्येकी ५ हजारांची भिशी चालवली, पण नंबर कुणालाच लावला नाही, सगळी रक्कम सहलीसाठी साठवली. तिथे पोचल्यावर प्रत्येकीने १०० युरो एका पाकिटात टाकले. मंडई, घरातलं खाणं, बस आणि एकत्र जेवण या पाकिटातून. साडी-पर्सची खरेदी आपापली. पाकीट रोज वेगळीकडे द्यायचं. ज्या दिवशी पाकीट आपल्याकडे असतं त्या दिवशी भाव आपोआप नीट ऐकले जातात. पाकिटात ५, १० आणि २० च्या नोटाच ठेवा. मंडईत ५० ची नोट पाहिली की गाळेवाल्याचा चेहरा पडतो.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी उघडपणे बोलून घ्या: कोण काय खात नाही. आमच्यात दोघी शाकाहारी होत्या आणि एकीचा मासळी सोडून बाकी मांसाहाराला नकार होता. हे आधी माहीत असल्यामुळे तिथे कुणालाही अवघडल्यासारखं झालं नाही.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, आणि १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाच्या आसपास बरीच दुकानं बंद असतात.

ऋतू बदलला की मंडईही बदलते, म्हणून आपल्याला काय खायचं आहे त्यावरून महिना ठरवायलाही हरकत नाही. वसंतात आर्टिचोक, ओल्या बाकल्याच्या शेंगा, स्ट्रॉबेरी. उन्हाळ्यात ‘तेनेरूमी’, म्हणजे दुधीच्या वेलाचे कोवळे शेंडे आणि पानं. होय, आपलाच दुधी! तिथे तो हातभर लांब, फिकट हिरवा असतो. त्याला ‘कुकुत्सा’ म्हणतात आणि त्याच्या पाल्याचं टोमॅटो, लसूण घालून पास्त्याबरोबर पातळ सूप करतात. शरदात निवडुंगाची लाल-पिवळी बोंडं येतात. त्यांचं नाव ‘फिकी दिंदिया’, भारतातली अंजिरं. फळ मुळात मेक्सिकोचं, पण नाव आपल्या देशाचं पडलं. विक्रेता ती काटे काढून सोलून देतो. स्वतः हात लावू नका, बारीक काटे दिवसभर टोचतात. पिस्त्यासाठी जायचं असेल तर ब्रोन्ते गावाचा पिस्ता एक वर्षाआड, विषम सालांत, सप्टेंबरमध्ये काढतात.

कागदपत्रं, थोडक्यात

इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. १५ दिवसांवर विसंबू नका; अडीच-तीन महिने आधी भेटीची वेळ शोधायला लागा. प्रौढांचं शुल्क ९० युरो, वर व्हिसा-अर्ज केंद्राचा सेवाआकार. विम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोचं लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. गट असला तरी प्रत्येकीची फाइल स्वतंत्र असते, म्हणून घराच्या बुकिंगवर सहाही जणींची नावं लिहून घ्या. एकीच्याच नावाचं बुकिंग बाकीच्यांच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून कमी पडतं.

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. मधे कुठेतरी बदलावं लागतं. पालेर्मोचा विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे आणि तिथून बस व रेल्वे दोन्ही आहेत. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

सामानात काय नेऊ नये हे बहुतेकांना ठाऊक नसतं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, तुपातल्या मिठाया घरीच ठेवा. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नकोत. ताज्या पालेभाजीला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. चहा पावडर, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्या.

घर शोधताना

मंडईच्या रस्त्यावरच घर घेऊ नका. बाल्लारोत पहाटे गाळे मांडायला सुरुवात होते आणि संध्याकाळी तिथे पुन्हा गर्दी जमते. दोन गल्ल्या आत असलेलं घर उत्तम.

इटलीत अल्पकाळासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक असावा लागतो. त्याला ‘चिन’ (CIN) म्हणतात. जाहिरातीत तो नसेल तर ते घर सोडून द्या. मालकाला चार प्रश्न नक्की विचारा. कितवा मजला, आणि लिफ्ट आहे का? (त्यांचा पहिला मजला आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा.) शेगडीला किती बर्नर आहेत? सहाजणींना पुरेल एवढं मोठं पातेलं आहे का? आणि शहराचा मुक्काम-कर भाड्यात धरला आहे की तिथे रोख द्यायचा? आम्ही मजल्याचं विचारायला विसरलो होतो. बॅगा घेऊन चौथ्या मजल्यावर चढताना गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीचे फार हाल झाले आणि मला मनापासून वाईट वाटलं.

गाडी भाड्याने घेण्याचा विचार सोडून द्या. जुन्या शहरात वाहनांवर निर्बंध आहेत, आणि मंडया चालतच बघायच्या असतात.

पहिली सकाळ: काही विकत घ्यायचं नाही

साडेआठच्या सुमाराला बाल्लारोत शिरा. रेल्वेस्थानकापासून ती दहा मिनिटांच्या चालण्यावर आहे. कार्मिने चर्चचा रंगीत फरशांनी मढवलेला घुमट दिसला की मंडईच्या मधोमध आलात असं समजा. वर लाल-पांढरी ताडपत्री, खाली ओली फरशी, आणि विक्रेत्यांचा सुरात ओरडण्याचा आवाज. त्या आरोळीला ‘अब्बान्नियाता’ म्हणतात. शब्द कळत नाहीत, पण लासलगावच्या लिलावात किंवा दादरच्या फूलबाजारात उभं राहिलेल्या माणसाला तो ताल लगेच उमगतो.

या फेरीत फक्त बघा. कुठल्या गाळ्यावर तिथल्या म्हाताऱ्या बायका थांबतात? कुठे भावाची पाटी लावली आहे आणि कुठे नाही? त्याच टोमॅटोचा भाव गल्लीच्या तोंडाशी किती आणि आत किती? तोंडाशी जास्त असतो, हे जगातल्या सगळ्या मंडयांचं सत्य आहे. पर्स पुढे धरा. गर्दीत खिसेकापू असतात आणि त्याच अरुंद वाटेतून स्कूटरही जातात.

दुसऱ्या दिवशी कापो. तेआत्रो मास्सिमो या भव्य ऑपेरागृहाच्या मागे ती भरते आणि मासळी-भाजीसाठी मला ती बाल्लारोपेक्षा आटोपशीर वाटली. वुच्चिरिया आता दिवसा जवळपास ओस असते. तिथे रात्री तरुण मुलांची गर्दी होते. पूर्वी ती इतकी गजबजलेली आणि सतत ओली असे की ‘वुच्चिरियाच्या फरशा वाळतील तेव्हा’ म्हणजे कधीच नाही, अशी म्हण पडली. आता त्या फरशा वाळल्या आहेत, आणि तिथल्या वयस्कर माणसांना त्याचं दुःख आहे.

घेण्याची रीत

फळाला हात लावायचा नाही. बोटाने दाखवायचं, तो निवडून देतो. आपल्याला टोमॅटो दाबून बघायची सवय, म्हणून हे जड जातं, पण पाळा. ‘कुआंतो कोस्ता’ म्हणजे केवढ्याला. ‘उन एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम. चीज, ऑलिव्ह, केपर (एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या) यांचा भाव पुष्कळदा एत्तोवर लिहिलेला असतो, त्यामुळे किलोचा समजून फसू नका. ‘पोस्सो अस्साजारे’ म्हणजे चाखू का, आणि ‘बास्ता कोझी’ म्हणजे एवढं पुरे. हे शेवटचं शिकलात तर पिशवीत दुप्पट माल येणार नाही.

घासाघीस करू नका. खाण्याच्या वस्तूंवर तिथे ती रीत नाही आणि केलीत तर अपमान वाटतो. दुपारी आवराआवर सुरू झाली की भाव आपोआप उतरतात.

मासळीच्या गाळ्यावर मात्र डोळे उघडे ठेवून पाटी वाचा. ‘पेस्कातो’ म्हणजे समुद्रात पकडलेली, ‘आल्लेवातो’ म्हणजे पाळलेली, ‘देकोंजेलातो’ म्हणजे गोठवून पुन्हा वितळवलेली. पकडल्याच्या क्षेत्राचा आकडाही असतो. ३७ म्हणजे भूमध्य समुद्र. माझी सूचना: ३७ आणि पेस्कातो हे दोन्ही दिसलं की घ्या. सोमवारी मासळी कमी असते, कारण रविवारी बऱ्याच होड्या निघत नाहीत. वसंत-उन्हाळ्यात तलवार माशाचे गोल काप मिळतात, तारलीच्या जातीची सार्दीन स्वस्त असते, आणि मात्सारा देल वाल्लो बंदराची लाल कोळंबी महाग असली तरी एकदा घ्यावी. ‘मे लो पुलीशे?’ विचारलं की मासा साफ करून देतात.

रस्त्यावरचं खाणं, आणि शाकाहारी मैत्रिणी

पालेर्मोत पहिल्याच दिवशी ‘पाने ए पानेल्ले’ खा. पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची वडी. पीठ पाण्यात कालवून, मीठ घालून, गाठी होऊ न देता घट्ट शिजवायचं, पार्सली घालून पातळ थापायचं, गार झालं की कापून तळायचं. तळण्यापर्यंत ही आपली पाटवडीच आहे, फक्त हिंग, जिरं, लसूण नाही. तिळाच्या पावात चार-पाच वड्या भरून वर लिंबू पिळतात. वडापावावर वाढलेल्या आम्ही सहाजणी तिथे रस्त्यात उभ्या राहून एकमेकींकडे बघत खात होतो. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती. पालेर्मो त्यांनी ८३१ मध्ये घेतलं आणि १०७२ मध्ये ते नॉर्मनांकडे गेलं. तिथल्या खाण्यातली लिंबूवर्गीय फळं, साखर, मनुका घालायची रीत याच काळाशी जोडतात.

‘आरांचीना’ म्हणजे केशरी भाताचा भरलेला तळलेला गोळा. पालेर्मोत तो स्त्रीलिंगी आणि गोल, कातानियात ‘आरांचीनो’, पुल्लिंगी आणि बहुधा टोकदार. दोन्ही शहरं यावर खरोखर भांडतात. नुसतं नाव ऐकून शाकाहारी समजू नका: ‘आल बुर्रो’ म्हणजे लोण्याची असली तरी आत बहुधा हॅम असतं. पालक भरलेली मिळते, ती विचारून घ्या. ‘स्फिंचोने’ या जाड, मऊ, कांदा-टोमॅटोच्या पावात बहुतेक वेळा अँचोवी मासे असतात. कान्नोलो या मिठाईच्या कुरकुरीत नळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी, ‘स्त्रुत्तो’ घालतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण शाकाहारी माणसाला हे नंतर कळलं तर फार लागतं. ‘सोनो वेजेतारियाना’ (पुरुषांनी ‘वेजेतारियानो’) म्हणा आणि त्यापुढे ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो’ असं सुटं सुटं सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं की काही जण मासा चालेल असं धरून चालतात. ज्यांना चीजमधलं प्राणिज विरजणही चालत नाही, त्यांनी जुनं, कडक चीज टाळलेलं बरं.

सकाळची न्याहारी मात्र सगळ्यांची एक: ग्रानीता, म्हणजे गोड बर्फाचा मऊ चुरा, आणि डोक्यावर अंबाडा असलेला ब्रिओश पाव. बदामाची ग्रानीता आधी घ्या, मग तुतीची. ब्रिओश अंडं-दुधाचा असतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या; टेबलावर बसलं की दर वाढतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यावी लागते.

मांसाहारी धाडसी मंडळींसाठी प्लीहा भरलेला ‘पानी का मेउझा’ आहे. एकीने खाल्ला, तिला आवडला. मी नाही खाल्ला, म्हणून त्याबद्दल मत देत नाही.

घरची संध्याकाळ: कापोनाता

सहलीतला सर्वांत आनंदाचा वेळ स्वयंपाकघरात गेला. एकदा तरी कापोनाता करा; ती शाकाहारी आहे आणि आपल्या जिभेला लगेच पटते, कारण ती आंबटगोड असते.

सहाजणींसाठी १ किलो वांग्यांचे मोठे चौकोनी तुकडे करून, मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळून पुसा आणि भरपूर ऑलिव्ह तेलात तळून काढा. तेलात काटकसर केली की वांगं चामट होतं. सेलरीचे ३ दांडे कापून पाण्यात एक उकळी द्या. दुसऱ्या भांड्यात मोठा कांदा मऊ करा, त्यात सेलरी, बिया काढलेले १०० ग्रॅम हिरवे ऑलिव्ह आणि २ चमचे केपर घाला. पान्तेल्लेरिया बेटाचे केपर मिठात मुरवलेले असतात. ते तीनदा धुवा. मग ३०० ग्रॅम चिरलेले टोमॅटो. ते आटले की ४ मोठे चमचे व्हिनेगरमध्ये २ मोठे चमचे साखर विरघळवून ओता आणि वास उडेपर्यंत परता. शेवटी वांगी हलक्या हाताने मिसळा. आता खरी कसोटी: त्या दिवशी खायची नाही. झाकून ठेवा आणि दुसऱ्या दुपारी गार, पावाबरोबर खा. मुरलेल्या लोणच्यासारखी तिची चव बदलते.

मासळी खाणाऱ्यांसाठी सार्दीनचा पास्ता. रानबडीशेपेचा कोवळा पाला, मनुका, पाइनच्या बिया, केशर, आणि वर चीजऐवजी तेलात खमंग परतलेला पावाचा चुरा. बडीशेपेच्या पाल्याची जुडी मंडईत ‘फिनोक्किएत्तो’ म्हणून मागा. पाला ज्या पाण्यात उकडला त्याच पाण्यात पास्ता शिजवायचा. अर्धी चव त्यात असते.

चहासाठी किटली शोधू नका, बहुतेक घरांत ती नसते. पातेल्यात उकळा, आलं तिथे मिळतं.

बाहेर जेवताना

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच-तीन, रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दीड ते तीन युरो लागतात. तो टेबलाचा आकार आहे, फसवणूक नाही. वेगळी टीप बंधनकारक नाही. सगळ्यांनी सारखं वाटून द्यायचं असेल तर ‘आल्ला रोमाना’ म्हणा.

गोडासाठी पियात्सा बेल्लिनीवरच्या सांता कातेरिना मठात जा. तिथे मठातल्या नन्सच्या जुन्या पाककृतींनुसार मिठाया करून विकतात. बदामाच्या पिठाची हुबेहूब फळं, ‘फ्रुत्ता मार्तोराना’, इथे बघावीत. डिसेंबरमध्ये गेलात तर १३ तारखेला, संत लुचियाच्या दिवशी, पालेर्मोत पाव-पास्ता खात नाहीत; त्याऐवजी आरांचीना आणि ‘कुच्चिया’ खातात. कुच्चिया म्हणजे शिजवलेले अख्खे गहू आणि गोड रिकोत्ता (पनीरसारखं मऊ चीज), आपल्या गव्हाच्या खिरीची चुलत बहीणच.

एक दिवस कातानियाला

दोनशे किलोमीटरवरच्या कातानियात जायचं ते तिथल्या ‘पेस्केरिया’साठी. दगडी हत्तीच्या कारंज्याच्या चौकामागे, काळ्या लाव्हाच्या फरशीवर ही मासळीमंडई सकाळी भरते आणि दुपारपर्यंत उठते, रविवारी बंद. त्यामुळे आदल्या संध्याकाळी जाऊन राहा, त्याच सकाळी पोचायचा आटापिटा नको. दुपारी ‘आल्ला नोर्मा’ पास्ता खा: तळलेलं वांगं, टोमॅटो, खारवलेला रिकोत्ता. मग चौकातल्या टपरीवर ‘सेल्त्स, लिमोने ए साले’ मागा. सोडा, लिंबू, मीठ. काचेच्या पेल्यात फेस येतो आणि उन्हात पहिला घोट घशाखाली उतरतो तेव्हा आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही.

घरी आणायचं

मिठातले केपर, वाळलेल्या ओरेगानोच्या जुड्या, बाल्लारोत ढिगातून विकला जाणारा ‘स्त्रात्तू’ हा टोमॅटोचा उन्हात आटवलेला गोळा. ऑगस्टच्या उन्हात फळ्यांवर पसरून, दिवसाकाठी हलवत, तो वाळवतात. आपल्या सांडग्यांसारखंच काम. दुहेरी पिशवीत बांधून तपासणीच्या बॅगेत टाका. पिस्त्याची क्रीम, तेल हेही त्याच बॅगेत, हातसामानात १०० मिलिलिटरवरचं बऱ्याच विमानतळांवर अडवतात.

शेवटच्या सकाळी काही घ्यायचं नसलं तरी मंडईत एक फेरी मारा. आम्ही निघतोय असं सांगितल्यावर त्या भाजीवाल्याने सहाजणींना एकेक संत्रं दिलं. विमानतळाच्या बसमध्ये ती सोलली, आणि बसभर त्यांचा वास सुटला.